चौक, टी पॉइंट आणि चौफुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही छत्रपती संभाजीनगरमधले सात-आठ जण आहोत, कोणी रिटायर्ड इंजिनिअर, कोणी शाळेतल्या मॅडम, एक रिक्षावाले भाऊ, आणि माझं तर चौकातच स्टेशनरीचं दुकान, म्हणजे सकाळी शटर वर केल्यापासून रात्री खाली ओढेपर्यंत तो टी पॉइंट, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, माझ्या डोळ्यासमोरच असतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही वही घेऊन तिथल्या गाड्या, माणसं आणि थोडक्यात टळलेले अपघात मोजायला बसायला लागलो, तेव्हापासून जालना, बीड, लातूर, नांदेड, परभणी सगळीकडून लोक फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आमचा चौक डेंजर आहे हे शेंबड्या पोराला पण माहितीय, मग मोजायचं कशाला?

कारण ऑफिसात पहिला प्रश्न येतो "किती अपघात झाले?" आणि आपण म्हणतो "लई झाले साहेब". तिथंच विषय संपतो. पोलीस आता प्रत्येक अपघाताची नोंद ई-डार नावाच्या सिस्टीममध्ये करतात, जागेसकट, म्हणजे सरकारकडे नकाशावर ठिपके असतात आणि आपल्याकडे फक्त संताप असतो. पण त्या नोंदीत जे पोलिसांपर्यंत पोचलं तेवढंच येतं. गाडी घसरली, गुडघा फुटला, पोरगं रडत रडत गाडी ढकलत घरी गेलं, याची नोंद कुठंच नसते. आणि जे थोडक्यात वाचलं त्याची तर अजिबातच नसते.

म्हणून आम्ही "थोडक्यात वाचलं" हेच मोजतो. कचकन ब्रेक लागला, कोणी उडी मारून मागं झालं, दोन गाड्या हातभर अंतरावर थांबल्या, की वहीत एक रेघ, वेळ आणि कोणत्या कोपऱ्यावर. माणूस मरायची वाट बघून चौक दुरुस्त करणं हे बरोबर नाही, आणि रेघा तर एका आठवड्यातच सांगतात की गडबड पूर्ण चौकात नाहीये, एका ठराविक कोपऱ्यात आहे. आमच्याकडं ती सगळी मेडिकलच्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यात निघाली, आम्हाला मात्र वर्षानुवर्षं वाटत होतं की प्रॉब्लेम समोरच्या उतारावरून येणाऱ्या गाड्यांचा आहे.

ब्लॅकस्पॉट कशाला म्हणतात? आमचा चौक त्यात बसतो का?

नॅशनल हायवेसाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याची व्याख्या आहे. साधारण 500 मीटरचा तुकडा, जिथं मागच्या 3 वर्षांत जीव गेलेले किंवा गंभीर जखमी झालेले असे 5 अपघात झालेत, नाहीतर 3 वर्षांत मिळून 10 माणसं गेलीत. म्हणजे यादीत येण्यासाठी आधी एवढं रक्त सांडावं लागतं. तुमचा चौक यादीत नसला म्हणजे तो चांगला आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

चौकातच एवढे अपघात का होतात? सरळ रस्त्यावर तर गाड्या जास्त जोरात असतात.

वेग असतो, पण तिथं रस्ते एकमेकांना कापत नाहीत. दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू असलेल्या साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा 32 ठिकाणी एकमेकींना भिडतात, त्यातल्या 16 जागा तर थेट आडव्या कापणाऱ्या. टी पॉइंटला हाच आकडा 9 असतो. यात पायी चालणारे धरलेलेच नाहीत. आता त्यावर आपली परिस्थिती घाला, दुचाकी कोणत्याही फटीतून येते, रॉंग साइडनं एक रिक्षा, मधे गाय बसलेली, आणि कोपऱ्यावर उभा छोटा हत्ती टेम्पो ज्याच्यामागून काय येतंय ते दिसतच नाही.

चौक सुधारणं म्हणजे या भिडण्याच्या जागा कमी करणं आणि ज्या उरतात तिथं वेग एवढा खाली आणणं की चूक झाली तरी माणूस वाचावा. बाकी सगळं या दोन गोष्टींचंच तपशीलवार काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की सरासरी वेग 1 टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण 4 टक्क्यांनी वाढतो. ताशी 60 नं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. समोर पोरगं आलं हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत रस्ते डिझाइन करणारे अडीच सेकंद धरतात, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 42 मीटर गेले.

सिग्नल बसवला की सुटेल ना सगळं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. काही चौकात सुटतं, काही चौकात वाढतं. गर्दी चारी बाजूंनी सारखी आणि भरपूर असेल तर सिग्नल पाहिजेच. पण जिथं दिवसात दोनच तास गर्दी असते, शाळा भरताना आणि सुटताना, तिथं दुपारी रिकाम्या रस्त्यावर 60 सेकंद लाल बघत कोण उभं राहणार, लोक तोडतात, आणि एकदा तोडायची सवय लागली की गर्दीच्या वेळी पण तोडतात. तोडला जाणारा सिग्नल नसलेल्या सिग्नलपेक्षा वाईट, कारण हिरव्यावर येणारा माणूस निर्धास्त येतो.

दुसरं म्हणजे टायमिंग. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिचं आयआरसी 93 म्हणून सिग्नलचं मार्गदर्शक आहे, त्यात गाड्या मोजून हिरवा किती द्यायचा याची पद्धत आहे. आपल्याकडं बऱ्याचदा एकदा सेट केलेलं टायमिंग सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ सगळ्याला तेच चालतं. चारी बाजूंचा मिळून पूर्ण फेरा 120 सेकंदांच्या वर जाऊ नये असं साधारण मानतात, कारण फेरा लांबला की रांग मागच्या चौकापर्यंत जाते आणि लोकांचा धीर सुटतो. पिवळा साधारण 3 सेकंदांचा असतो, आणि त्यानंतर एक-दोन सेकंद चारी बाजूला लाल पाहिजे म्हणजे मधे अडकलेली गाडी निघून जाते. ते "चारी बाजू लाल" तुमच्या चौकात आहे का हे मोबाइलवर शूटिंग करून बघा, नसेल तर तेवढी एक मागणी लेखी करा. त्यासाठी नवीन सामान लागत नाही, कंट्रोलरमध्ये बदल करायचा असतो.

सेकंद मोजणारे आकडे असतील तर तिकडं पण लक्ष द्या. 3 आकडा आला की अर्ध्या गाड्या सुटलेल्या असतात, आणि दुसऱ्या बाजूनं शेवटचा 2 बघून जोर मारणारा अजून आत असतो. याच दोघांची टक्कर होते.

पायी चालणाऱ्यांनी जरा घाई केली तर गाड्यांचा खोळंबा नाही होणार, हे तुम्ही का नाही सांगत?

हे मी मुद्दाम लांब लिहिणार आहे.

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा एका मोठ्या चौकात आम्ही उभे होतो, रस्ता साधारण 18 मीटर रुंद, पायी चालणाऱ्यांचा हिरवा माणूस 14 सेकंद. चांगला धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं डिझाइनमध्ये धरतात, म्हणजे त्यालाच 15 सेकंद लागतील. आई सेकंदाला पाऊण-एक मीटर चालते. 14 सेकंद संपले तेव्हा ती डिव्हायडर जेमतेम ओलांडून जरा पुढं आली होती, एका हातात माझा दंड, दुसऱ्या हातात रिपोर्टची पिशवी, आणि डाव्या बाजूनं दुचाक्या सुटल्या. एकानं हॉर्न वाजवला. आईनं पिशवी छातीशी धरली आणि मला म्हणाली, "तू हो पुढं, मी येते." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःच्या गावात रस्ता ओलांडताना आईनं पोराला पुढं हो म्हणावं, अशी वेळ त्या 14 सेकंदांनी आणली.

मी अर्ज केला. संबंधित ऑफिसातून उत्तर आलं की सिग्नलची वेळ वाहनांच्या संख्येनुसार निश्चित केली आहे. हे उत्तर खरंच होतं, आणि चूक पण त्याच उत्तरात होती. आम्ही मग टेप लावून रस्त्याची रुंदी मोजली, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना किती सेकंद लागतात ते लिहिलं, आणि पुन्हा दिलं. सात महिन्यांनी वेळ 22 सेकंद झाली आणि डिव्हायडरवर थांबायला जागा करून दिली, व्हीलचेअर जाईल अशी, कठडा कापून. तेव्हापासून आमचा नियम एकच आहे, चौक मोजायचा तो सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून. आज्जी पार झाली तर सगळे पार होतात. उलटं होत नाही.

पायी चालणाऱ्यांच्या सोयीसाठी आयआरसी 103 आहे. त्यात फुटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी 1.8 मीटर सांगितलीय आणि उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडचे दोन-दोन पायऱ्यांएवढे उंच फुटपाथ बघा, म्हातारं माणूस त्यावर चढणारच नाही, ते रस्त्यावरूनच चालणार, आणि मग आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही.

लेफ्ट तर फ्री असतो ना?

सरसकट नसतो. तसा बोर्ड असेल किंवा डावीकडं हिरवा बाण असेल तरच. आणि फ्री असला तरी पायी माणूस झेब्र्यावर असेल तर आधी तो.

सिग्नलऐवजी गोल सर्कल केलं तर?

जागा असेल तर लई चांगलं. एका लेनच्या व्यवस्थित सर्कलमध्ये भिडण्याच्या त्या 32 जागांच्या 8 होतात आणि समोरासमोरची, आडवी धडक जवळपास निघूनच जाते, कारण सगळे एकाच दिशेनं फिरतात आणि वेग आपोआप उतरतो. लाइट गेली तरी सर्कल चालू राहतं, आपल्याकडं हे महत्त्वाचं आहे. पण त्यासाठी एक नियम सगळ्यांना पाठ पाहिजे, गोलात जो आधीच आहे तो पहिला. 2017 च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमावलीत हेच आहे. आपण उलटं करतो, बाहेरून येणारा नाक घालतो, आतला थांबतो, आणि गोल जाम होतो.

आपल्या डोक्यात सर्कल म्हणजे पुतळा, कारंजं आणि भोवती लोखंडी कठडा. कठडा आणि झाडं एवढी वाढवतात की पलीकडचं दिसत नाही. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात, ती बाजारपेठ म्हणून आखलेली आहे आणि त्या आखणीचा मला मनापासून अभिमान वाटतो, पण तिथं जो माल उतरतो, हातगाडे लागतात, माणसं खरेदीला फिरतात ते सगळं आणि जाऊन-येऊन करणारी गाडी एकाच गोलात मावणार नाही. तिथं उत्तर सर्कल मोठं करणं हे नाही, तर माल उतरवायच्या वेळा बांधणं आणि ज्याला बाजारात काम नाही त्याला आधीच बाजूनं काढणं हे आहे.

उड्डाणपूल का नाही मागत तुम्ही?

आपल्या जालना रोडकडं बघा. महावीर चौक, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्टँड, पाच ठिकाणी पूल आहेत. पुलावरून उतरलेली गाडी पुढच्या बिनपुलाच्या चौकात येऊन थांबते, अमरप्रीत असो की आकाशवाणी. म्हणून मग चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत अखंड पूल पाहिजे अशी चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. माझं मत सांगतो, लांब जाणाऱ्या गाडीला पुलाचा फायदा होतो हे नक्की. पण पुलाखाली राहणाऱ्या, दुकान असणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या माणसाचा चौक तसाच खालीच राहतो, उलट खांबांमुळं आडवं येणारं दिसत नाही, पुलाखाली पार्किंग होतं, अंधार होतो. पूल व्हायचा तेव्हा होवो, तोपर्यंत खालचा चौक पांढरा पट्टा, दिवे आणि मोकळे कोपरे यांच्यावर आत्ताच सुरक्षित करता येतो आणि त्याला पुलाच्या एका खांबाएवढे पण पैसे लागत नाहीत.

आम्ही वर्गणी काढून स्पीड ब्रेकर टाकला तर चालेल का?

नका टाकू. तुमची तळमळ समजते, आमच्या गल्लीतपण मुरूम आणि सिमेंट टाकून असा एक केला होता, पहिल्याच आठवड्यात मागं बसलेल्या एक ताई बाळासकट उडाल्या. नशीब बाळाला काही झालं नाही. आयआरसी 99 मध्ये ब्रेकरचं माप दिलंय, 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाई 17 मीटर त्रिज्येची, ताशी 25 च्या वेगासाठी. म्हणजे ती हळूवार टेकडी पाहिजे, भिंत नको. आधी बोर्ड पाहिजे, वर रंगाचे ठळक पट्टे आणि रात्रीचा उजेड पाहिजे. नॅशनल हायवेवर तर ब्रेकर टाकायलाच परवानगी नाही, तिथं रंबलर म्हणजे गाडी थरथरवणाऱ्या पट्ट्या, ब्लिंकर म्हणजे लुकलुकणारे दिवे, रस्ता अरुंद वाटेल असे खांब अशा गोष्टी मागा.

शाळेसमोर मला सगळ्यात आवडतं ते उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग. पूर्ण झेब्राच फुटपाथच्या उंचीला आणायचा. गाडीला चढावं लागतं, पोराला उतरावं लागत नाही.

डिव्हायडरचा कट बंद केल्यापासून लोक रॉंग साइड यायलेत, कट परत उघडायला लावू का?

हा खरंच अवघड प्रश्न आहे. कट बंद केला की आडवी धडक थांबते, पण पुढचा यू टर्न एक-दीड किलोमीटरवर असेल तर पेट्रोल जाळून कोण जाणार, दूधवाला नाही जाणार, रिक्षावाला नाही जाणार, तुम्ही-आम्ही पण नाही जात हे खरं बोलूया. म्हणून कट बंद करायची मागणी करताना त्याच कागदावर जवळचा यू टर्न मागायचा, आणि तिथं वळायला थांबणाऱ्या गाडीसाठी वेगळी जागा मागायची म्हणजे ती मागच्या वेगात येणाऱ्यासमोर उभी राहणार नाही. आणि पायी माणसासाठी तिथंच वाट उघडी ठेवायची. गाडीला एक किलोमीटर वळसा चालतो, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या मावशीला नाही चालत. तिनं कठडा ओलांडला तर ती चूक तिची नाही.

हातगाडे आणि रिक्षा हटवल्या की चौक मोकळा, बरोबर ना?

कोपरा मोकळा करा, माणसं नका उठवू. आमच्या मेडिकलच्या कोपऱ्याचं हेच होतं. तिथं पेरूचा गाडा, त्याच्यामागं तीन रिक्षा आणि औषध घ्यायला थांबलेल्या दुचाक्या. आम्ही पेरूवाल्या मामांशी भांडलो नाही, त्यांना घेऊन रस्त्यावर बसलो, गाडीवाल्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काय दिसतं ते त्यांना दाखवलं. मामा म्हणाले, "मग मी पंधरा पावलं तिकडं सरकतो की, पण मला तिथून पोलीस उठवणार नाहीत असं करा." तेवढंच होतं. गाडा सरकला, रिक्षांना चौक ओलांडल्यावर थोडं पुढं पांढरा चौकोन आखून दिला, आणि कोपऱ्यावर आम्ही मनपाकडून प्लास्टिकचे नारंगी खांब लावून घेतले. पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्यातल्या वहीतल्या रेघा एवढ्या कमी झाल्या की मॅडमना वाटलं मी मोजायला विसरलो.

स्मार्ट सिटी बसचा किंवा एसटीचा थांबा पण शक्यतो चौक ओलांडल्यावरच पाहिजे. अलीकडं असला की बसच्या पुढून लोक पळतात आणि बसमुळं ते कुणालाच दिसत नाहीत.

सिग्नलवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, कोणाला बोलायचं?

आधी लावणाऱ्या पोरांनाच बोला, खरंच. "दादा, तुमच्या फोटोमागं लाल दिवा झाकलाय, उद्या तुमच्याच घरचं माणूस इथून जाईल" एवढं म्हटलं की बऱ्याचदा उतरवतात. नाही ऐकलं तर मनपाकडं तक्रार करा, विनापरवाना फ्लेक्सवर 1995 च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानं कारवाई होते. सणावाराच्या कमानींचे खांब पण बघत जा, ते बरोबर झेब्र्याच्या तोंडावरच रोवतात.

ऊस सुरू झाला की आमची चौफुली ओलांडता येत नाही. त्याला काय इलाज?

बीड, लातूर, परभणी, जालना, धाराशिव, सगळीकडून हा प्रश्न येतो. साधं गणित बघा. ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या, सगळं मिळून 15 मीटर धरा, चौफुली 15 मीटर रुंद, म्हणजे पूर्ण निघायला 30 मीटर जायचं. भरलेला ट्रॅक्टर थांबून उठला की ताशी 10 च्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. झाले 11 सेकंद. तुमचा पिवळा 3 सेकंदांचा. म्हणजे शेवटी निघालेला ट्रॅक्टर हमखास आडव्या हिरव्यात सापडणारच, यात ड्रायव्हरचा दोष कमी आणि टायमिंगचा जास्त. म्हणून हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, सिग्नलचं वेगळं टायमिंग पाहिजे आणि चारी बाजू लालचा वेळ वाढवून पाहिजे.

रात्रीचं वेगळंच आहे. उसाची मोळी ट्रॉलीच्या बाहेर लोंबते, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पाठीमागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला समोरच्या गाडीच्या प्रकाशात ती ट्रॉली दिसतच नाही. कारखान्यांनी रिफ्लेक्टर लावल्याशिवाय गाडी भरायची नाही असं ठरवलं तर एका हंगामात फरक पडेल. आम्ही मागच्या वर्षी लाल रेडियमचे रोल घेऊन नाक्यावर थांबलो होतो, ड्रायव्हर लोक स्वतः उतरून लावून घेत होते, बैलगाडीवाल्यांनी तर बैलांच्या शिंगांना पण लावून घेतलं. त्या कुटुंबांची लेकरं त्याच उसावर झोपलेली असतात, त्यांना सांगायची गरज नसते.

बायपासला राहणाऱ्यांनी काय करायचं? गाव तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला झालं.

आमचा बीड बायपास हेच उदाहरण आहे. नावाला बायपास, पण सातारा, देवळाई वाढले आणि तो शहरातलाच रस्ता झाला. रस्त्याचा वेग गावाबाहेरचा आणि माणसं गावातली, यात जीव जातात. पूल झाले तरी खालचे सर्व्हिस रोड सलग आहेत का, रात्री उजेड आहे का, आणि दोन पुलांच्या मधल्या भागात माणसानं कुठून ओलांडायचं हे विचारत राहा.

क्लासला जाणारी पोरं स्कुटीवर तिघं-तिघं असतात, चौकात त्यांचं काय करायचं?

लातूरच्या एका काकूंनी विचारलं होतं. तिथं क्लास सुटायच्या वेळी एका रस्त्यावर हजारो लेकरं येतात. क्लासवाल्यांना भेटून बॅच दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं सोडायला सांगा, हा फुकटातला आणि सगळ्यात मोठा इलाज आहे. आणि आई-बापांना स्पष्ट सांगा, अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ खाली पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द होतं. अगदीच धाकट्यांना सायकल द्या, आणि सायकलसाठी कडेची पट्टी मोकळी ठेवायला आपण सगळे भांडूया.

तक्रार करायची कुठं? सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात.

पहिलं काम म्हणजे रस्ता कोणाचा हे शोधणं. मनपा किंवा नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद, की नॅशनल हायवे. एकाच चौकात येणारे चार रस्ते तीन खात्यांचे असू शकतात, आणि सिग्नल चालवणारी वाहतूक शाखा चौथी. म्हणून आम्ही एकच अर्ज सगळ्यांना देतो आणि एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, म्हणजे कलेक्टर ऑफिसला, कारण त्या बैठकीत हे सगळे एका टेबलाला बसतात. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, 10 रुपये, 30 दिवस. विचारताना "काय कारवाई केली" असं मोघम नका विचारू. "या चौकाचं सेफ्टी ऑडिट कोणत्या तारखेला झालं, त्याची प्रत द्या, सिग्नलच्या टायमिंगचा तक्ता द्या" असं विचारा.

रस्ता बांधताना ठरलेले सुरक्षेचे नियम पाळले नाहीत आणि त्यामुळं जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 198 अ खाली रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला, कन्सल्टंटला किंवा ठेकेदाराला 1 लाखापर्यंत दंड आहे. हे 2019 च्या दुरुस्तीत आलंय. अर्जात त्या कलमाचा शांतपणे उल्लेख करा, धमकी नको.

डोळ्यासमोर अपघात झाला तर हात लावावा का? नंतर पोलीस त्रास देतात म्हणे.

लावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ प्रमाणे चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्ती नाही. 108 ला अॅम्ब्युलन्स, 112 ला पोलीस, हायवेवर असाल तर 1033. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना पण आहे, अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, 1.5 लाखांपर्यंत उपचार, नेमलेल्या हॉस्पिटलात. चौकातल्या दुकानदारांनी हे नंबर आणि जवळच्या त्या हॉस्पिटलचं नाव शटरवर लिहून ठेवा. माझ्या शटरवर आहे. आणि हेल्मेट घातलेला असेल तर मान न हलवता, दोघांनी मिळून, अगदीच गरज असेल तरच काढा.

आम्हालापण आमचा चौक मोजायचाय, काय काय लागतं आणि सुरुवात कशी करायची?

चार माणसं, दोनशे पानी वही, एक तीस मीटरचा टेप, खडू आणि मोबाइल. एकाच दिवसाचं मोजू नका, बाजाराचा दिवस, शाळेचा दिवस आणि रविवार असे तीन घ्या, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. प्रत्येकाला एकच रस्ता द्या. दुचाकी, रिक्षा, कार, मोठी गाडी, सायकल आणि पायी असे सहा रकाने पाडा, पायी रकाना सगळ्यात पहिला ठेवा म्हणजे विसरला जात नाही. मागं वेगळ्या पानावर चौकाचं चित्र काढा आणि कचकन ब्रेक लागला की त्या जागी ठिपका. उन्हाळ्यात दुपारी नका बसू, बीपी वाढतो, आणि रस्त्यात उतरून टेप लावायची वेळ पहाटेची ठेवा, अंगात चमकणारं जॅकेट घालून.

काम सुरू करायच्या आधी जमिनीकडं बघा. फुटलेल्या काचा, टायरचे काळे पट्टे, डिव्हायडरच्या टोकावरचे ओरखडे, तुटलेली चप्पल, हे सगळं तिथं काय घडतं ते सांगत असतं. फोटो काढा, फोटोत एखादा दिव्याचा खांब येऊ द्या म्हणजे जागा नंतर ओळखता येते. खांबावर नंबर असतो, तोच अर्जात टाका, ऑफिसातला माणूस त्या नंबरवरून जागा शोधतो.

पेरूवाले मामा, चहाची टपरी, वॉचमन, शाळेचे शिपाई यांच्याशी पहिल्याच दिवशी बोला. ते बारा तास तिथंच असतात, त्यांनी बघितलेलं कोणत्याच कॅमेऱ्यात नसतं. आणि ऊस पट्ट्यातले असाल तर दिवाळीच्या आधी एकदा मोजा आणि कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर परत एकदा, दोन्ही वह्या सोबत घेऊनच बैठकीला जा.